सालाबादप्रमाणे

ज्याला गाता येत नाही, वाजवता येत नाही आणि तरीही उठून घरी जाण्याची बुद्धी होत नाही, अशा माणसाला भजनी मंडळात चिटणीस म्हणतात. आमच्या मंडळाचा मी गेली एकवीस वर्षे चिटणीस आहे. सुरुवातीला मी टाळ धरूनच बसलो होतो. तिसऱ्या एकादशीला बुवांनी भजन मधेच थांबवले, माझ्याकडे मायेने बघितले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर लई चांगलंय." मी शाळामास्तर असल्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. घरी गेल्यावर बायकोने त्याचा अर्थ समजावून सांगितला.

आमचे गाव गंगाखेडपासून एस्टीने अर्ध्या तासावर आहे. म्हणजे एस्टी आली तर. गावात मारुतीचे देऊळ, देवळाला सभामंडप, सभामंडपात मंडळ. चिटणीस म्हणून माझे मुख्य काम म्हणजे दर पाडव्याला वर्षाचा अहवाल लिहून वाचून दाखवणे. या अहवालाचे पहिले वाक्य 'सालाबादप्रमाणे यंदाही' असे सुरू होते आणि शेवटचे वाक्य चहा देणाऱ्यांचे आभार मानते. मधल्या मजकुरात फक्त तिथी बदलावी लागते. एका वर्षी मी आदल्या वर्षीचाच अहवाल वाचला, कुणाच्या लक्षात आले नाही. उलट खजिनदार म्हणाले, "यंदा जरा नवीन लिहिलाव."

तर असा मी, अहवालाच्या क्षेत्रात मला कुणी स्पर्धक असेल असे वाटत नव्हते. तो निघाला, आणि तोही थेट इंग्लंडात.

माझा धाकटा पुतण्या तिकडे असतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण साऱ्या मराठवाड्याला पाठ आहे. पुतण्याची तिकडे बनली, म्हणून तो परत आला नाही. लफबरो नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात राहतो आणि संगणकाचे काहीतरी करतो. लहानपणी तो आमच्या मंडळात दुसऱ्या रांगेत टाळ वाजवायचा. एकादशीच्या जागराला झोप लागली तरी हात चालू असायचे, असा पक्का तयार झालेला पोरगा. तिकडे गेल्यावर त्याचे हात रिकामे राहिले. २०१८ साली त्याच्या खेड्यातल्या चर्चबाहेर त्याने एक पाटी वाचली: घंटा वाजवायला माणसे पाहिजेत, अनुभवाची गरज नाही, चहा मिळेल. पहिल्या महायुद्धात मेलेल्या घंटावाल्यांच्या आठवणीखातर, त्यांच्या संख्येइतके म्हणजे १,४०० नवे घंटावाले तयार करायचे, अशी मोहीम त्या वर्षी साऱ्या देशात चालली होती. परभणीच्या माणसाला फुकट चहा दिसला की तो आत शिरतो. हा शिरला तो अजून बाहेर आलेला नाही.

ही बातमी घरी कळली तेव्हा माझ्या आईने (वय ब्याण्णव, कान शाबूत) एवढेच विचारले, "पोरगं बाटलं का रे?"

मी तिला समजावले. म्हटले, १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या टिळक-रानड्यांपुढेही मिशनऱ्यांचा चहा आला होता. त्यावरून केवढे ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. पण टिळक काही बाटले नाहीत. त्याच पंचहौदाच्या चर्चला उंच मनोरा आहे आणि त्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत. आईला टिळकांचे पटले, घंटांचे पटले नाही. मग मी वसईवर गेलो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर आहे ती त्यातलीच. नारोशंकराच्या घंटेचा आवाज आमच्या आईला माहीत होता, कारण माझ्या आजीने तिला आयुष्यभर तीच उपमा दिली होती. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजे चर्चातली घंटा देवळात चालती. मग देवळातलं पोरगं चर्चात का चालंना?" एवढा सरळ न्याय एकाही धर्मपीठाने दिलेला मी ऐकला नाही.

तर या पुतण्याने गेल्या ज्येष्ठात आपल्या संघाचा वार्षिक अहवाल मला पाठवला. तिकडे एकेका चर्चचे घंटावाले वेगळे, आणि अशा पाचपन्नास मनोऱ्यांचा मिळून एक संघ. 'काका, तुम्हाला आवडेल,' असे त्याने वर लिहिले होते. मी भिंग आणि शब्दकोश घेऊन बसलो. पहिल्या पानावर वर्षभरात वारलेल्या सभासदांना श्रद्धांजली. दुसऱ्यावर नवे लोक येत नाहीत अशी खंत. तिसऱ्यावर वर्गणी थकवणाऱ्यांना विनंती. मग दोर जुने झाल्याची तक्रार आणि शेवटी चहा-केकची व्यवस्था पाहणाऱ्या भगिनींचे आभार. मी भिंग खाली ठेवले. हा माझाच अहवाल होता! फक्त दोराच्या जागी पखवाजाची शाई घातली की झाले.

पुढच्या एकादशीला मी तो मंडळात वाचून दाखवला. घंटा वाजवणे म्हणजे काय ते आधी समजावून द्यावे लागले. कारण आपली कल्पना अशी की घंटा टांगलेली असते, येणाराजाणारा तिला टोला देतो, देव दचकतो आणि आपण आत जातो. तिकडची घंटा मोठ्या चाकाला बांधलेली. ती तोंड वर करून उभी ठेवायची आणि दोर ओढला की अख्खी घंटा पुरा फेरा घेते. दर फेऱ्याला एक ठोका. दोराला धरायला लोकरीचा रंगीत जाड गोंडा असतो. तो नेमक्या वेळी सोडला नाही तर माणूस दोराबरोबर वर जातो.

"कुठंवर?" पखवाजी म्हणाले.

"ते अहवालात नाही."

आता एवढी टनावारी वजनाची घंटा गोलगोल फिरणार, तर तिला घाई करता येत नाही की गाणे वाजवता येत नाही. फक्त पुढच्या फेऱ्यात शेजारणीच्या आधी किंवा मागून वाजायचे, एवढेच हातात. म्हणून त्या लोकांनी गाण्याचा नाद सोडला आणि गणिताचा धरला. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक घंटा एकदाच वाजली पाहिजे आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येता कामा नये. सात घंटांचे असे ५,०४० क्रम होतात, त्याला तीनेक तास लागतात. आठ घंटांचे ४०,३२० होतात. कागद समोर ठेवायचा नाही, सगळे तोंडपाठ. १९६३ च्या जुलैमध्ये लफबरोलाच, घंटा ओततात त्या कारखान्याच्या मनोऱ्यात, आठ जणांनी हे ४०,३२० क्रम सलग वाजवले. सतरा तास अठ्ठावन्न मिनिटे! मधे माणूस बदलायचा नाही, दोर सोडायचा नाही.

मंडळ गार झाले. बुवांनी मान हलवत एकच प्रश्न विचारला, तो लिहिण्यासारखा नाही. पण सतरा तासांत तो कुणालाही पडला असता. मी तो पुतण्याला कळवला. उत्तर आलेले नाही.

"पण गाणं न्हाई म्हंजे मग कशासाठी?" खजिनदार म्हणाले. त्यावर बुवा जे बोलले ते मी टिपून ठेवले आहे. "तुमचा टाळ तरी काय गातो? वेळेवर पडतो, तेवढंच त्याचं काम. धातू कोणता म्हन्ले, मास्तर?" मी सांगितले, तांबे आणि कथील, साधारण चार भागांना एक. "म्हंजे कांसंच की," बुवा म्हणाले, आणि हातातले टाळ त्यांनी असे काही वाजवले की लफबरोला ऐकू जावे.

त्या दिवसापासून दोन्ही वर्षे माझ्या डोक्यात शेजारीशेजारी चालू लागली.

आमचे वर्ष चैत्रात सुरू होते ते भांडणाने. सप्ताहाच्या वर्गणीचा हिशेब हा विषय. ज्येष्ठ-आषाढात शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, ती परभणी, दैठणा करत गंगाखेडला येते. तिच्या दर्शनाला आमचे मंडळ टाळ-पखवाज घेऊन जाते. त्या वारकऱ्यांची शिस्त काय वर्णावी! पांढरेशुभ्र कपडे, सरळ रांगा, शेकडो टाळ आणि ठोका एक. आमची रांग मात्र एस्टी स्टँडावर असते तशी. त्यांचा एक टाळकरी पावली टाकतो तेव्हा शंभर पाय उचलले जातात. आमच्यात पखवाजी उडी मारतात तेव्हा बाकीचे 'काय चावलं?' म्हणून खाली बघतात. तिकडच्या संघात दरवर्षी ठोक्यांची स्पर्धा असते. परीक्षक मनोऱ्याबाहेर लांब तंबूत लपून बसतात, वाजवणारे कोण ते त्यांना सांगत नाहीत आणि ते फक्त चुका मोजतात. आमच्याकडे ही पद्धत आणता येणार नाही. आमचा आवाज पाच कोसांवरून ओळखू येतो, आणि चुका मोजायला परीक्षकाला शिधा बांधून आणावा लागेल.

तिकडचे लोक वर्षातून एकदा बस करून सहलीला जातात. सहलीत काय करतात? दुसऱ्या गावांच्या घंटा वाजवतात. खजिनदारांना हे अजब वाटले. मी म्हटले, तुम्ही परळीला गेलाव तेव्हा वैजनाथाच्या पायरीवर बसून काय केलंत? भजनच केलंत ना?

श्रावणात सप्ताह. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकवायची नाही, हा नियम. सतरा तासांवर आम्ही मात करतो, पण आमच्यात माणसे बदलतात. त्यासाठी पहाऱ्याचा तक्ता असतो आणि तो तक्ता मी करतो. रात्री दोन ते चारचा पहारा कुणालाच नको असतो. ज्याच्याशी माझे त्या वर्षी बिनसले असेल त्याचे नाव मी तिथे घालतो. चिटणिसाला असलेला एवढा एकच अधिकार. यंदा तो माणूस आला नाही आणि वीणा माझ्याच गळ्यात आली. पहाटे साडेतीनला मी देवाच्या समोर उभ्या उभ्या झोपलो. वीणा खाली टेकली नाही, माझे डोके खांबाला टेकले. अहवालात ही नोंद नाही.

भाद्रपदात आमचे पुढच्या रांगेतले डाव्या हाताचे टाळकरी गेले. चाळीस वर्षे ते त्या जागेवर बसले. शेवटची दोन-तीन वर्षे त्यांना ऐकू येत नव्हते. बुवांच्या गुडघ्याकडे बघून ते टाळ वाजवायचे आणि ठोका चुकायचा नाही. कुणी विचारले तर म्हणायचे, "कान आता कशाला? पाठ झालंय." तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने टाळांची जोडी फडक्यात बांधून मंडळात आणून दिली. तो पुण्याला कंपनीत असतो. "माझ्याकडं नुसतं पडून ऱ्हाईल," म्हणाला. त्या संध्याकाळी हरिपाठाला आम्ही त्यांची जागा मोकळी ठेवली. तिकडे असे कुणी गेले की घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याची गादी बांधतात. मग एक ठोका खणखणीत पडतो आणि पुढचा दुरून आल्यासारखा. आम्हाला काही बांधावे लागले नाही. पुढच्या रांगेतला एक टाळ कमी झाला की काय होते, ते मला, म्हणजे माझ्यासारख्या बेसुऱ्यालासुद्धा, त्या दिवशी ऐकू आले.

कोजागरीनंतर काकडा सुरू झाला. महिनाभर रोज पहाटे साडेचारला. पूर्वी काकड्याला वीस-पंचवीस माणूस असे. २०२० साली करोनाने वारीच थांबली, पालख्या एस्टी बसने पंढरीला गेल्या. तिकडेही त्या मार्चपासून घंटा मुक्या झाल्या. पुतण्या लिहितो, पुन्हा दोर धरायला बोलावले तेव्हा सगळे आले नाहीत. काहींना घरी बसण्याची सवय झाली, काहींचे खांदे गेले. आमचेही तेच, खांद्यांच्या जागी गुडघे. यंदा काकड्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे होतो: बुवा, पखवाजी आणि मी. शिवाय एक तक्रार आली होती. देवळामागे नवीन बंगला बांधून राहायला आलेल्या गृहस्थांना पहाटेच्या आवाजाचा त्रास होतो. पुतण्याला हे कळवले तर तो हसतच सुटला. त्यांच्याकडेही शहरातून माणूस येतो, चर्चच्या शेजारचे घर 'किती शांत गाव' म्हणून घेतो आणि पहिल्या रविवारी अर्ज करतो.

तिघांपैकी बुवांना अंधारात दिसत नाही. त्यांना हाताला धरून त्यांची नात आणायची. नववीत आहे. आजोबांना जागेवर बसवायचे आणि बॅटरी घेऊन खांबाशी बसायचे, असा तिचा क्रम. त्या तिसऱ्या दिवशी बुवांनी अभंग धरला, पखवाजावर थाप पडली, आणि टाळ कुठे आहेत म्हणून बुवा थांबले. मी माझे अक्षर चांगले असल्याचे आठवून मान खाली घातली. तेवढ्यात टाळ वाजू लागले. नात मोकळ्या जागेवर जाऊन बसली होती आणि फडक्यातली जोडी तिच्या हातात होती. ठोका सरळ. आठ वर्षे रोज खांबाशी बसून पोरीने सगळे पाठ केले होते आणि आमच्यापैकी एकालाही पत्ता नव्हता. बुवांनी डोळे मिटले आणि पुढचे चरण घेतले. दुसऱ्या दिवशी ती दोन मैत्रिणी घेऊन आली.

झाले! पाडव्याची वाट न बघता बैठक भरली. खजिनदार म्हणाले, "पोरी चांगल्या वाजवायल्यात, त्याबद्दल वाद न्हाई. पण बायकांचं येगळं मंडळ हाय की." त्या मंडळाच्या प्रमुख त्यांच्याच सौभाग्यवती, त्यामुळे त्यांना बोलताना चारी बाजूंना बघावे लागत होते. मी अहवाल काढला. १९१२ साली तिकडच्या घंटावाल्या बायकांनीही आपला वेगळा संघ काढला होता, आणि आता एकाच मनोऱ्यात सगळे मिळून ओढतात, असे मी सांगू लागलो. बुवांनी मला हाताने थांबवले.

"इंग्रजांचं ऱ्हाऊ द्या. पोरी, तू सांग. बायकांच्या मंडळात का जाईनास?"

"ते दुपारी असतंय," नात म्हणाली. "दुपारी शाळा असती."

याला उत्तर नव्हते. तरी खजिनदार म्हणाले, "तसं न्हाई, पण रीत..."

"खजिनदार, आपला तालुका कोणता?" बुवांनी विचारले.

"गंगाखेड."

"गंगाखेडात जन्म कोणाचा?"

खजिनदार पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. दर आषाढ वद्य त्रयोदशीला जनाबाईच्या पुण्यतिथीच्या प्रसादाला पहिल्या पंगतीत बसणारा हा माणूस. बुवा म्हणाले, "पुढचा विषय घ्या, मास्तर." पुढचा विषय पखवाजाला शाई भरण्याचा होता. तो एकमताने तहकूब झाला, कारण पैसे नव्हते.

घरी येऊन मी सभासदांचे रजिस्टर उघडले. ते माझ्या आधीच्या चिटणिसांनी छापून घेतलेले आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'श्री.' छापलेले. एकवीस वर्षांत मला ते कधी दिसले नव्हते. मी तीन ओळींतले 'श्री.' खोडून तिथे 'कु.' लिहिले. खाडाखोडीवर सही करण्याची शिक्षकी सवय आहे, ती केली. माझे अक्षर मंडळाच्या उपयोगी पडल्याचे हे पहिलेच उदाहरण.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तीनला पुतण्याचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेनऊ, उपासनेच्या आधीची घंटा. "काका, आज ऐकवतो," म्हणाला आणि फोन मनोऱ्यातल्या खिडकीत ठेवला. बुवा काकड्याच्या समाप्तीच्या हिशेबाला माझ्याकडे आलेले होते, नात बरोबर होती. आम्ही फोन पाटावर ठेवून भोवती बसलो. आईलाही आणून बसवले. सहा घंटा. आधी उंच स्वरापासून खाली ओळीने सहा ठोके, पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग हळूहळू एकेकीने जागा बदलायला सुरुवात केली. मला काही कळले नाही, पण सभामंडपात पालखी फिरते तेव्हा वाटते तसे काहीतरी वाटले. बुवा मांडीवर बोटे टेकवत होते. आई म्हणाली, "नारोशंकर."

पाचेक मिनिटे झाली असतील. नात फोनकडे वाकून कान देऊन बसली होती. ती एकदम म्हणाली, "आबा, चवथी मागं पडायली बघा. दर येळेला."

घंटा थांबल्या. पुतण्या धापा टाकत फोनवर आला. "कसं वाटलं, काका?"

मी म्हटले, छान. पण आमच्या मंडळाचे म्हणणे आहे की चौथी घंटा मागे पडतेय.

तिकडे जरा वेळ कुणी बोलले नाही.

"ती माझीच," पुतण्या म्हणाला. "कोण बोललं हे?"